नॉनलिनियर सॉल्व्हरला आरंभबिंदू कसा द्यावा: क्रम, तपासण्या आणि हमखास होणाऱ्या चुका

सॉल्व्हर (अटी पाळून सर्वोत्तम उत्तर शोधणारा प्रोग्राम) ‘लोकल इन्फीजिबिलिटी’, म्हणजे ‘या परिसरात सर्व अटी पाळणारा बिंदू सापडत नाही’, असे सांगून थांबला की बहुतेक जण अटी सैल करू लागतात, टॉलरन्स (चालवून घ्यायची चूक) वाढवतात किंवा सॉल्व्हरच बदलतात. आरंभबिंदूकडे, म्हणजे चलांच्या ज्या किमतींपासून शोध सुरू होतो त्यांच्याकडे, शेवटी लक्ष जाते, तेही ‘काहीतरी आकडे टाकून पाहू’ या बेताने. उतारावरून वाट शोधणाऱ्या स्थानिक सॉल्व्हरला तुमच्या प्रश्नाचा संपूर्ण नकाशा कधीच दिसत नाही. त्याला फक्त सध्याच्या बिंदूवरची फलाची किंमत आणि तिथले डेरिव्हेटिव्ह (उतार) कळतात. म्हणून आरंभबिंदू हा मॉडेलचाच भाग आहे, आणि तो मॉडेलइतक्याच काळजीने लिहून तपासावा लागतो.

पुढचे टप्पे क्रमानेच करावेत. बहुतेक चुका क्रम उलटल्याने होतात: आधी आकडे भरले जातात, मग मर्यादा बदलतात, मग स्केलिंग (आकडे सारख्या प्रमाणात आणणे) येते, आणि शेवटी सॉल्व्हरपर्यंत पोहोचणारा बिंदू भलताच असतो.

संपूर्ण लेखात एक छोटे उदाहरण वापरले आहे. वायुवाहिनीचे दोन नळ एकामागोमाग जोडलेले आहेत. सुरुवातीचा दाब द१ हा ५० बार ठरलेला आहे. द२ आणि द३ हे पुढचे दाब, प्र१ आणि प्र२ हे प्रवाह. मधल्या जोडावर मागणी नाही, शेवटच्या टोकाला १० एकक मागणी आहे. प्रत्येक नळाचे समीकरण असे:

आधीच्या दाबाचा वर्ग − नंतरच्या दाबाचा वर्ग = क × प्र × |प्र|

पहिल्या नळासाठी क = ९, दुसऱ्यासाठी क = ७. दाबांच्या मर्यादा ० ते ८०, प्रवाहांच्या −२० ते २०.

## टप्पा १: चलांची यादी

कोड उघडण्याआधी प्रत्येक चलासमोर पाच गोष्टी लिहा: एकक, खालची आणि वरची मर्यादा, अपेक्षित किंमत कोणत्या पट्ट्यात असेल, ते कोणकोणत्या नॉनलिनियर पदांत येते, आणि ते स्वतंत्र आहे की इतर चलांवरून काढता येते.

शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आपल्या उदाहरणात प्रवाह माहीत झाले की दाब समीकरणांतून आपोआप निघतात. म्हणजे अंदाज फक्त प्रवाहांचा करायचा. हजारो चलांच्या मॉडेलमध्येही खरे अंदाज बहुतेक वेळा मोजकेच लागतात, बाकीचे सगळे हिशेबाने मिळते.

## टप्पा २: काहीच न दिल्यास काय होते ते पाहा

आरंभबिंदू दिला नाही म्हणून सॉल्व्हर विचारपूर्वक एखादा निवडतो, हा समज सोडून द्या. बहुतेक ठिकाणी मुकाट्याने शून्य धरले जाते. खालची नावे मॉडेल लिहिण्याच्या भाषांची आणि साधनांची आहेत; आयपॉप्ट हा एक सॉल्व्हर.

- एएमपीएलमध्ये आरंभ-किंमत न दिलेले चल शून्यावरून सुरू होते.
- गॅम्समध्ये चलाची लेव्हल, म्हणजे ‘.एल’, मुळात शून्य असते. ती मर्यादेबाहेर असेल तर जवळच्या मर्यादेवर नेली जाते.
- जम्पमधून आयपॉप्ट वापरताना ‘स्टार्ट’ दिले नसेल तर शून्य घेतले जाते, आणि शून्य मर्यादेत बसत नसेल तर जवळची मर्यादा.
- पायोमोमध्ये ‘इनिशियलाइझ’ न केलेल्या चलाला किंमतच नसते. एनएल फाइलमधून (सॉल्व्हरला मॉडेल पोहोचवणाऱ्या फाइलमधून) जाताना सॉल्व्हरच्या बाजूला तेही शून्य धरले जाते.
- कॅसएडीमध्ये ‘एक्स०’ न दिल्यास शून्य.
- सायपायचे ‘मिनिमाइझ’ आरंभबिंदू मागतेच. ‘कर्व्ह_फिट’ मात्र मागत नाही: मर्यादा नसतील तर ते सर्व प्राचले १ धरते.

आता हे शून्य आपल्या उदाहरणात घाला. प्र × |प्र| चे डेरिव्हेटिव्ह २ × |प्र| आहे, म्हणजे प्र = ० वर ते शून्य. प्रवाह बदलल्याने दाबाच्या समीकरणात काही फरक पडतो हेच सॉल्व्हरला दिसत नाही. दाबाचे तर आणखी वाईट. आयपॉप्ट दाबाला शून्याच्या मर्यादेवरून किंचित आत, ०.०१ वर सरकवतो. तिथे दाबाच्या वर्गाचा उतार ०.०२ आणि समीकरणातली तूट (दोन बाजूंतला फरक) सुमारे २५००. न्यूटन पद्धतीची पहिली पायरी (तूट भागिले उतार) २५०० भागिले ०.०२, म्हणजे १,२५,००० बार! वरची मर्यादा ८० आहे, त्यामुळे ही पायरी जवळपास पूर्ण कापावी लागते, आणि सॉल्व्हर पहिल्याच इटरेशनला (फेरीला) अडखळतो. यात मॉडेलची काहीच चूक नाही.

सावधान: दोन चलांचा गुणाकार असेल आणि दोन्ही शून्यावर असतील, तर दोन्हींचा ग्रेडियंट (त्या चलाच्या दिशेचा उतार) शून्य होतो. दोन वस्तूंमधले अंतर किमान १ असावे अशी अट वर्गांत लिहिली आणि सगळ्या वस्तू एकाच जागी ठेवून सुरुवात केली, तरी हेच घडते. अट मोडलेली आहे, पण कोणत्या दिशेला सरकायचे हे उतार सांगत नाही. सर्व चले एकसारख्या किमतीवर ठेवणे याच कारणाने घातक असते. अशा ठिकाणी प्रत्येक चलाला थोडी वेगळी किंमत देऊन समरूपता मुद्दाम मोडा.

## टप्पा ३: फलाचे क्षेत्र आणि मर्यादा

आरंभबिंदूवर प्रत्येक पदाची किंमत निघाली पाहिजे, आणि त्याचे पहिले-दुसरे डेरिव्हेटिव्हही. लोक फक्त किंमत पाहतात, तिथे घोटाळा होतो. वर्गमूळाची शून्यावर किंमत शून्य येते, पण उतार अनंत होतो. लॉगरिथमची शून्यावर किंमतच नाही. भागाकारातला छेद, पूर्णांक नसलेले घात, आर्ककोसाइनचे ±१ टोक, सदिशाच्या लांबीचे शून्यावरचे डेरिव्हेटिव्ह ही नेहमीची अडचणीची ठिकाणे. घातांकी फलात घातांक सुमारे ७०९ च्या पुढे गेला की डबल प्रिसिजनमध्ये किंमत मावत नाही.

यासाठी मर्यादा चलावरच घाला. ‘लॉगच्या आतली राशी धन असावी’ ही साधारण अट म्हणून लिहिल्यास उपयोग नाही, कारण वाटेत अटी मोडण्याची सॉल्व्हरला मुभा असते. आतली राशी गुंतागुंतीची असेल तर तिच्यासाठी वेगळे चल घ्या, समीकरणाने जोडा आणि त्या चलाला, समजा, ०.०००१ अशी खालची मर्यादा द्या. आयपॉप्ट मर्यादाही मुळात अगदी किंचित, ०.०००००००१ या प्रमाणात, सैल करतो. त्यामुळे लॉगच्या चलाला नेमकी शून्य मर्यादा पुरेशी धरू नये.

तपासणी: सॉल्व्हर ‘इनव्हॅलिड नंबर’ म्हणून शून्याव्या इटरेशनलाच थांबत असेल तर टप्पा ३ पूर्ण झालेला नाही. पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: आधी स्वतंत्र चले, मग अवलंबून असलेली

सगळ्यात जास्त फायदा या टप्प्यात आहे, आणि सगळ्यात जास्त आळसही इथेच होतो.

१. स्वतंत्र चलांना पटण्याजोगी किंमत द्या. आपल्या उदाहरणात मागणी १० आहे आणि मधे फाटा नाही, म्हणून प्र१ = प्र२ = १०. चिन्ह बरोबर असणे आकड्याच्या अचूकपणापेक्षा महत्त्वाचे.

२. समीकरणे ज्या क्रमाने सुटतील त्या क्रमाने लावा. द२ चा वर्ग = २५०० − ९०० = १६००, म्हणून द२ = ४०. मग द३ चा वर्ग = १६०० − ७०० = ९००, म्हणून द३ = ३०.

३. सहायक चले विसरू नका. गुणाकारासाठी, निरपेक्ष किमतीसाठी किंवा ‘सर्वांत मोठे’ लिहिण्यासाठी घेतलेली जादा चले, स्लॅक (असमानतेतला फरक भरून काढणारी चले), खर्चाची बेरीज, या सर्वांच्या किमती मूळ चलांवरून मोजून भरा. मूळ चले नीट भरून सहायक चले शून्यावर सोडली की बिंदू विसंगत होतो. त्या विसंगतीला जुळवून घेण्यासाठी सॉल्व्हर पहिल्या पायरीत तुमच्या चांगल्या किमतीही बिघडवतो.

इथे निघालेला बिंदू तंतोतंत बसला, कारण उदाहरण छोटे आहे. खऱ्या जाळ्यात वळसे असतात, तेव्हा सगळी समीकरणे एकदम जुळणार नाहीत. हरकत नाही. तूट काही टक्क्यांवर आली तरी पुष्कळ झाले. प्र × |प्र| चे दुसरे डेरिव्हेटिव्ह शून्यावर उडी मारते, म्हणून जिथे प्रवाहाची दिशा बदलू शकते तिथे |प्र| ऐवजी प्र च्या वर्गात छोटी धन संख्या मिळवून घेतलेले वर्गमूळ वापरावे.

काळानुसार बदलणाऱ्या प्रणालीत, म्हणजे कोलोकेशनसारख्या (काळ ठरावीक बिंदूंत तोडणाऱ्या) मांडणीत, नियंत्रण स्थिर धरून एकदा साधे सिम्युलेशन चालवा आणि त्यातून येणाऱ्या अवस्था प्रत्येक ग्रिडबिंदूवर भरा. सिम्युलेशन अस्थिर असेल तर सुरुवात आणि शेवट यांना जोडणारी सरळ रेषा घ्या. ती समीकरणे पाळत नाही, पण क्षेत्राबाहेरही जात नाही.

वक्र जुळवताना अंदाज डेटातूनच काढा. समजा य = अ × ई चा (−क × काळ) घात असे फल आहे आणि काळ ० ते १००० सेकंद आहे. क = १ धरून सुरुवात केली तर ५० सेकंदांपुढच्या प्रत्येक निरीक्षणाचा ग्रेडियंट अ च्या तुलनेत नगण्य होतो. म्हणजे बहुतेक डेटा सॉल्व्हरपुरता अस्तित्वातच नाही. त्याऐवजी धन निरीक्षणांचा लॉग घेऊन सरळ रेषा बसवा. उताराचे चिन्ह बदलले की क मिळतो, छेदबिंदूवरून अ. हा अंदाज अंतिम उत्तर म्हणून वापरू नका, कारण लॉगमुळे चुकांचे वजन बदलते. आरंभबिंदू म्हणून मात्र तो उत्तम.

## टप्पा ५: हाताने जमत नसेल तर सोपा प्रश्न आधी सोडवा

स्वतंत्र चले एखाद्या पटण्याजोग्या किमतीवर गोठवा आणि उरलेली चौकोनी (जितकी चले तितकीच समीकरणे असलेली) समीकरण-प्रणाली उद्दिष्टाशिवाय सोडवा. ती सुटली की गोठवलेली चले मोकळी करा आणि त्याच बिंदूपासून खरे ऑप्टिमायझेशन सुरू करा. चौकोनी प्रणालीच सुटत नसेल तर अडचण उद्दिष्टात नाही, समीकरणांत किंवा आकड्यांत आहे, हेही लगेच कळते.

दुसरा मार्ग हळूहळू अवघड करण्याचा. नॉनलिनियर पदाला ० ते १ असा गुणक लावा, गुणक ० असताना रेषीय प्रश्न सोडवा, मग ०.२५, ०.५, ०.७५, १ असे वाढवत प्रत्येक वेळी आधीचे उत्तर पुढचा आरंभबिंदू म्हणून वापरा. मधेच अडले तर ती पायरी अर्धी करा.

सावधान: गोठवलेली चले मोकळी करताना मूळ मर्यादा परत येतात का ते पाहा. गॅम्समधले ‘.एफएक्स’ खालची मर्यादा, वरची मर्यादा आणि लेव्हल तिन्ही बदलते. ते मोकळे करताना दोन्ही मर्यादा स्वतः पुन्हा लिहाव्या लागतात.

## टप्पा ६: स्केलिंग

दाब पास्कलमध्ये घेतला तर ५० बारचे ५० लाख होतात आणि त्याचा वर्ग २५ लाख कोटी. बार घेतले की आकडे माणसात येतात. चलांच्या अपेक्षित किमती साधारण ०.०१ ते १०० या पट्ट्यात येतील अशी एकके निवडा. आयपॉप्टचे आपोआप होणारे स्केलिंग आरंभबिंदूवरच्या ग्रेडियंटवरून ठरते. म्हणजे बिंदू वाईट असेल तर स्केलिंगही वाईट होते, आणि ते नंतर सुधारत नाही.

चल बदलले तर आरंभ-किंमतही त्याच सूत्राने बदला. मॉडेल बारमध्ये आणि आरंभबिंदू अजून पास्कलमध्ये, अशी गफलत फार वेळा सापडते.

## टप्पा ७: मर्यादेवर बसवू नका

आयपॉप्टसारखे इंटिरिअर-पॉइंट (मर्यादांच्या आतून वाट काढणारे) सॉल्व्हर दिलेला बिंदू मर्यादांच्या आत ढकलतात. किती ढकलायचे ते ‘बाउंड_पुश’ आणि ‘बाउंड_फ्रॅक’ ठरवतात, दोन्हींची मूळ किंमत ०.०१. दोन्ही मर्यादा असतील तर नियम असा: मर्यादेच्या निरपेक्ष किमतीचे आणि १ चे, यांतल्या मोठ्याचे ०.०१ पट, आणि दोन मर्यादांमधल्या अंतराचे ०.०१ पट, यांतले जे लहान असेल तेवढे अंतर किमान ठेवले जाते. ० ते १० या मर्यादांत तुम्ही ० दिले तर ०.०१ होते, १० दिले तर ९.९.

खालची मर्यादा शून्य, वरची नाही, आणि चलाची नैसर्गिक किंमत ०.०००००१ इतकी असेल, अशा चलाला ०.०१ वर ढकलले जाते. तुमचा काळजीपूर्वक काढलेला अंदाज दहा हजार पटींनी बिघडतो आणि सॉल्व्हर छापतो त्या नोंदींत (लॉगमध्ये) याची सूचनाही येत नाही. लहान प्रमाणांची रसायने किंवा अल्प गळतीचे प्रवाह असलेल्या मॉडेलमध्ये हे सर्रास घडते. उपाय टप्पा ६ चा: त्या चलाचे एकक बदला. ते शक्य नसेल तर ‘बाउंड_पुश’ कमी करा.

मॅटलॅबच्या एफमिनकॉनचा इंटिरिअर-पॉइंट प्रकारही मर्यादांचा मान राखण्याचा पर्याय चालू असताना मर्यादेवरचे घटक आत सरकवतो. त्याचा एसक्यूपी (दर पायरीला एक सोपा द्विघाती प्रश्न सोडवणारा) प्रकार मात्र फक्त मर्यादेबाहेरचे घटक मर्यादेवर आणतो. कोणती मर्यादा शेवटी घट्ट बसेल याची खात्री असेल तर एसक्यूपी प्रकारच्या सॉल्व्हरला त्या मर्यादेवरचाच बिंदू द्यावा. त्याला त्याचा फायदाच होतो.

## टप्पा ८: किमती पोहोचवणे आणि परत वाचणे

- एएमपीएलमध्ये चल जाहीर करताना ‘:=’ म्हणजे आरंभ-किंमत, पण नुसते ‘=’ म्हणजे व्याख्या. एक टिंबजोडी राहिली की चलच नाहीसे होते.
- कॅसएडी मॅट्रिक्स स्तंभानुसार उलगडते, नमपाय मुळात ओळीनुसार. अवस्था × काळ असा तक्ता नमपायमध्ये सपाट करून ‘एक्स०’ म्हणून दिला तर लांबी बरोबर, किमती मात्र भलत्याच चलांना. त्रुटीचा संदेश येत नाही.
- जम्पमध्ये आधीचे उत्तर आरंभबिंदू करताना सगळ्या किमती आधी एका यादीत वाचून घ्या, मग द्या. एकेका चलाची वाचून लगेच देत गेलात तर पहिल्या बदलानंतर जुने उत्तर अवैध ठरते.
- पायोमो आणि एएमपीएल सोडवल्यानंतर चलांत उत्तर ठेवतात, आणि पुढचा प्रयत्न तिथूनच सुरू होतो. अपयशी प्रयत्नाचा कचराही असाच पुढे जाऊ शकतो. प्रत्येक प्रयत्नाआधी किमती नव्याने भरणारे एक छोटे फंक्शन ठेवा.

तपासणी: दिलेल्या किमती मॉडेलमधून परत वाचा. त्या बिंदूवर प्रत्येक अटीची तूट मोजा, उतरत्या क्रमाने लावा आणि पहिल्या दहा डोळ्यांखालून घाला. सर्वांत मोठी तूट बहुधा एखाद्या विसरलेल्या सहायक चलाकडे बोट दाखवते.

मग ‘मॅक्स_इटर’ (कमाल इटरेशन) शून्य ठेवून आयपॉप्ट चालवा. शून्याव्या ओळीतला ‘इन्फ_पीआर’ हा तुम्ही मोजलेल्या सर्वांत मोठ्या तुटीशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर दोनच शक्यता: बिंदू पोहोचलाच नाही, किंवा टप्पा ७ प्रमाणे ढकलला गेला.

डेरिव्हेटिव्ह हाताने लिहिले असतील तर ‘डेरिव्हेटिव्ह_टेस्ट’ इथेच चालवा. ती चाचणी तुमच्या बिंदूला यदृच्छेने हलवून घेतली जाते आणि हलवण्याची कमाल मुळात १० आहे. लॉग किंवा वर्गमूळ असताना खोट्या तक्रारी येऊ नयेत म्हणून ‘पॉइंट_पर्टर्बेशन_रेडियस’ लहान किंवा शून्य करा.

## टप्पा ९: जुन्या उत्तरापासून सुरुवात

फक्त चलांच्या जुन्या किमती देऊन आयपॉप्टला खरा वॉर्म स्टार्ट (जुन्या उत्तराजवळून सुरुवात) मिळत नाही. तो त्यांना मर्यादेपासून दूर ढकलतो, आणि बॅरियर प्राचल (मर्यादांपासून किती दूर राहायचे ते ठरवणारा आकडा, ‘म्यू’) पुन्हा ०.१ पासून सुरू होते. हे सगळे एकत्र करावे लागते:

१. ‘वॉर्म_स्टार्ट_इनिट_पॉइंट’ चालू करा.
२. चलांसोबत अटींचे आणि मर्यादांचे मल्टिप्लायरही (प्रत्येक अटीचा उत्तरावरचा भार सांगणारे आकडे) द्या.
३. ‘वॉर्म_स्टार्ट_बाउंड_पुश’, ‘वॉर्म_स्टार्ट_बाउंड_फ्रॅक’ आणि मल्टिप्लायरसाठीचा तसाच पर्याय मूळच्या ०.००१ वरून ०.०००००१ किंवा त्याहून खाली आणा. स्लॅकचे पर्यायही सोबत.
४. ‘म्यू_इनिट’ ०.०००१ च्या आसपास ठेवा. इटरेशन कमी होत असतील तरच आणखी कमी करा.

प्रश्न बराच बदलला असेल तर हे करू नका. मर्यादेला चिकटलेला चुकीचा बिंदू इंटिरिअर-पॉइंट पद्धतीला कोऱ्या सुरुवातीपेक्षा जड जातो. अटींची संख्या किंवा क्रम बदलला असेल तर जुने मल्टिप्लायर टाकून द्या. मल्टिप्लायरच्या चिन्हाचा संकेत प्रत्येक भाषेत वेगळा असू शकतो, म्हणून ते एका साधनातून दुसऱ्यात जसेच्या तसे नेऊ नका. सरकत्या क्षितिजाच्या नियंत्रणात (जिथे दर पायरीला पुढच्या काळाचा प्रश्न नव्याने सोडवतात) जुने उत्तर एक पायरी पुढे सरकवा आणि शेवटची किंमत पुन्हा लिहा. न सरकवता दिल्यास प्रत्येक किंमत एका पायरीने शिळी असते.

## टप्पा १०: अनेक आरंभबिंदू

प्रश्न नॉनकॉन्व्हेक्स (अनेक स्थानिक उत्तरे असू शकणारा) असेल तर एका बिंदूवरून मिळालेले उत्तर स्थानिकच समजा. अनेक बिंदू घेताना यादृच्छिक किमती फक्त स्वतंत्र चलांना द्या आणि बाकीची टप्पा ४ प्रमाणे मोजा. सगळ्याच चलांना यादृच्छिक आकडे दिले तर जवळपास प्रत्येक बिंदू विसंगत निघतो आणि निम्मा वेळ अपयशात जातो. बिंदू सगळीकडे सारखे पसरवण्यासाठी लॅटिन हायपरक्यूब किंवा सोबोल क्रम वापरा. सोबोलमध्ये बिंदूंची संख्या २ चा घात ठेवा, जसे १६, ३२, ६४. ज्या धन चलाचा पट्टा अनेक दशगुणांचा आहे त्याचा लॉग समान विभागा, चल नव्हे. सीड (यादृच्छिक आकड्यांचा आरंभांक) नोंदवून ठेवा, म्हणजे अपयशी बिंदू पुन्हा उभा करता येतो.

प्रत्येक प्रयत्नाचे स्टेटस, उद्दिष्टफल, तूट आणि इटरेशन लिहून ठेवा. उद्दिष्टफल सापेक्ष ०.०००००१ च्या आत असेल आणि चलेही जुळत असतील तर ते एकच उत्तर समजा. उद्दिष्टफल सारखे पण चले वेगळी असतील, तर मॉडेलमध्ये समरूपता किंवा न बांधलेली चले आहेत.

## सॉल्व्हरचा लॉग वाचून परत कुठे जायचे

- पहिल्या काही इटरेशनमध्येच क्रमांकापुढे ‘आर’ दिसतो: रिस्टोरेशन (उद्दिष्ट बाजूला ठेवून फक्त अटी जुळवण्याचा टप्पा) सुरू झाले. टप्पा ४, सहायक चले.
- ‘अल्फा_पीआर’ (पायरीचा किती भाग घेतला ते) सतत ०.००१ च्या खाली: बिंदू मर्यादेला चिकटला आहे किंवा उतार नाहीसा झाला आहे. टप्पा २ आणि ७.
- ‘इन्फ_पीआर’ झटक्यात उतरतो, ‘इन्फ_डीयू’ (सर्वोत्तमतेच्या अटींची तूट) मात्र प्रचंड राहतो: टप्पा ६, आणि हाताने लिहिलेले डेरिव्हेटिव्ह.
- ‘लोकल इन्फीजिबिलिटी’: हा निकाल त्या परिसरापुरताच आहे. टप्पा ५ ची चौकोनी प्रणाली सोडवा, मग किमान दोन-तीन वेगळ्या सुसंगत बिंदूंवरून पाहा. सगळीकडून तीच अट मोडलेली दिसली तर आता अटीकडे वळा.